माउली म्हणायचं तर पाय बघायचे : आळंदी ते पंढरपूर

वारीत अनोळखी माणसाला ‘माउली’ म्हणतात, वय-जात न विचारता त्याच्या पाया पडतात, आणि तोही उलट वाकतो. हे नातं विठ्ठलाचं आणि गळ्यातल्या माळेचं. मग या नात्यानं आपण एकमेकांचं काय देणं लागतो? समोरच्याचा परमार्थ सांभाळायचा, की त्याच्या टाचेचा फोड बघायचा? दिंडीबरोबर औषधाची पेटी आणि पाण्याचा टँकर घेऊन चालणाऱ्यांना हा प्रश्न वाटेत रोज भेटतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर, रथामागच्या एका दिंडीतून चालताना जे दिसलं आणि पुढच्या वर्षी चालणाऱ्यांच्या कामी येईल, ते मुक्कामाच्या क्रमानं लिहीत आहोत.

आळंदी, ज्येष्ठ वद्य अष्टमी

प्रस्थानाच्या दिवशी आळंदीत पाय ठेवायला जागा नसते. मानाच्या दिंड्या देऊळवाड्यात जातात, शितोळे सरकारांचे अंकलीहून आलेले अश्व येतात, पादुका पालखीत विराजमान होतात आणि गजर उठतो. पालखीची पहिली रात्र आळंदीतच, आजोळघरी.

दिंडीची रचना समजून घेतली की पुढचं बरंच कळतं. पुढं पताका घेतलेले झेंडेकरी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मधे मृदंग, त्यांच्यामागं विणेकरी आणि मागं डोक्यावर तुळस किंवा पाण्याचा हंडा घेतलेल्या बायका. चालता चालता कुणाचा घसा कोरडा पडला तर त्या हंड्यातलं पाणी कामी येतं. म्हणजे देवाच्या वाटेवरच्या या रांगेत तहानेची सोय मुळातच धरलेली आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजचं शिस्तीचं रूप दिलं.

दिंडीत नाव घालताना भिशी भरायची. तिच्यात दोन वेळचं जेवण, चहा, राहुटीत झोपण्यापुरती जागा आणि ट्रकमध्ये एक पिशवी एवढं येतं. देहाची जबाबदारी पहिल्याच दिवशी वहीत लिहून होते, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. वहीत नावापुढं आणखी चार गोष्टी लिहून घ्याव्यात: वय, घरच्यांचा फोन, चालू असलेल्या गोळ्या आणि साखर किंवा रक्तदाबाचा त्रास. यातलंच एक कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवावं. बहुतेक म्हाताऱ्या माणसांना गोळीचं नाव सांगता येत नाही, ‘पांढरी, सकाळची’ एवढंच सांगतात. म्हणून गोळ्यांचं रिकामं पाकीट सोबत आणायला आधीच सांगावं.

दीडशे माणसांच्या दिंडीसाठी पेटीत काय हवं? ओआरएसची किमान ३०० पाकिटं, पॅरासिटामॉल, पोव्हिडोन आयोडीन, कापूस, गॉज, कागदी चिकटपट्टी, चिखल्यांसाठी क्लोट्रिमॅझोल पावडर, हातमोजे, निर्जंतुक सुया, किलोभर व्हॅसलिन, थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, आणि ग्लुकोमीटर पुरेशा पट्ट्यांसह. अँटिबायोटिक मनानं वाटू नये. तो निर्णय वाटेवरच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरांचा.

पुणे, नवमी आणि दशमी

आळंदी ते पुणे हा डांबरी रस्ता पायांची पहिली परीक्षा घेतो. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. दोन रात्री मुक्काम, म्हणून दुरुस्तीला वेळ मिळतो.

ही दुरुस्ती बघण्यासारखी असते. पेठांमध्ये फुटपाथवर नाभिक मंडळी फुकट दाढी-कटिंग करून देतात, चर्मकार बांधव चपलांचे अंगठे शिवून देतात, कॉलेजची मुलं परातीत कोमट पाणी घेऊन पाय धुतात आणि तेल लावून चेपतात. चेपणारा समोरच्याला गुरू कोण, हरिपाठ पाठ आहे का, काही विचारत नाही. पाय पुढं करणाऱ्यालाच संकोच वाटतो. बीडकडच्या एक आजी पाय मागं ओढत राहिल्या, कारण धुणारा मुलगा त्यांना मालकाच्या घरचा वाटत होता. शेवटी त्यांनी आधी त्याच्या पायाला हात लावला आणि मगच पाय परातीत ठेवले.

फोडांबद्दल नीट सांगायला हवं, कारण वारी अर्ध्यावर सुटण्याचं ते एक मोठं कारण आहे. ओली कातडी आणि घासणारी चप्पल एकत्र आली की फोड येतो. नवी चप्पल घालून निघालेल्याला तो हमखास येतो. निदान महिनाभर वापरलेली, बोटांपुढं अर्धा इंच जागा असलेली, मागं पट्टा असलेली चप्पल घ्यावी. सकाळी निघताना टाच, अंगठ्याची कड आणि बोटांच्या मधे व्हॅसलिन लावावं. टाचेला ‘गरम’ वाटायला लागलं की तिथंच थांबून कागदी पट्टी लावावी, विसाव्याची वाट बघू नये. लहान, न दुखणारा फोड फोडायचा नाही. मोठा, ताणलेला, चालू न देणारा असेल तर हात धुवून, जागा आयोडीननं पुसून, निर्जंतुक सुईनं कडेला खालच्या बाजूनं भोक पाडावं, पाणी हलक्या हातानं काढावं आणि वरची कातडी तशीच ठेवावी. ती कातडीच खालच्या जखमेचं झाकण असते. दोरा आरपार ओवून ठेवायची जुनी रीत अजून दिसते. त्या दोऱ्यातून घाण आत जाते आणि तिसऱ्या दिवशी पू होतो. मधुमेह असलेल्याचा फोड दिंडीत फोडूच नये, डॉक्टरांकडे न्यावा.

पुण्यातली दुसरी अडचण प्रेमातून येते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, पोहे, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं, सरबत. नको म्हणणं अपमान वाटतो म्हणून माणूस सगळं खातो आणि सासवडला पोट बिघडतं. कापून ठेवलेली फळं आणि उघड्या बर्फाचं सरबत टाळावं. केळं, शेंगदाणे, बंद पाकीट घ्यावं. वाटणाऱ्यांनाही विनंती आहे: पदार्थ कमी करा आणि हात धुवायच्या पाण्याची एक टाकी ठेवा.

सासवड, योगिनी एकादशी

पुणे ते सासवड हा साऱ्या वाटेवरचा सर्वांत लांब टप्पा, सुमारे ३२ किलोमीटर. हडपसर, वडकी आणि मग दिवे घाट. तिथीचा हिशोब असा की हा टप्पा बहुतेक वेळा एकादशीला येतो. चढ, ऊन आणि उपास तिन्ही एका दिवशी. रथाला घाटात जादा बैलजोड्या लावतात. माणसाला जादा बैल लावता येत नाही.

देह सांभाळायचा की परमार्थ, हा प्रश्न इथं अगदी अंगावर येतो. साखरेच्या गोळ्या घेणारे साठीचे टाळकरी निर्जळी करून घाट चढतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर घसरणार. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, असंबद्ध बोलणं अशी लक्षणं दिसतात आणि आजूबाजूचे समजतात की माणूस भजनात रंगलाय. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा आला तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, वर आली नसेल तर पुन्हा तितकीच द्यावी आणि मग काही खायला द्यावं. यंत्र हाताशी नसेल आणि संशय असेल तरी साखर द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा.

पण साखरेचं पाणी नको म्हणणाऱ्याचं काय करायचं? एकादशी मोडली तर त्याच्या दृष्टीनं नुसता पोटाचा नेम मोडत नाही. डॉक्टरांनी दरडावून काही होत नाही, आम्ही ते पुरेसं पाहिलं आहे. होतं ते विणेकऱ्याच्या शब्दानं. घाटात एका टाळकऱ्याला बसवलं तेव्हा दिंडीचे विणेकरी स्वतः मागं आले, विणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली, आणि साखरेचं पाणी आधी स्वतः घोटभर प्यायले. मग पेला त्याच्या हातात दिला. त्यांची स्वतःची निर्जळी त्या दिवशी मोडली. नेम कुणाचा, देणं कुणाचं, याची चर्चा झाली नाही. आमच्या मते या नात्याचं देणं असंच फिटतं: दुसऱ्याच्या आत्म्याची काळजी करायची असेल तर त्याचा भार आपल्या अंगावर घ्यायचा, त्याला उपदेश करत बसायचं नाही.

ज्यांना साखर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी एकादशीच्या दिवशीच्या गोळीबद्दल घरी असतानाच डॉक्टरांना विचारावं आणि कार्डावर लिहून आणावं. उपास करायचाच तर पाण्यासह करावा. साबुदाण्याची खिचडी तुपकट होते आणि चढावर जड पडते. भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी आणि केळी बरी. सैंधव आणि साखर घातलेलं लिंबूपाणी दर अर्ध्या तासाला चार घोट घ्यावं.

दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं. सासवडहून सोपानकाकांची पालखीही पंढरीला निघते. रात्रभर पायाखाली उशी घेऊन झोपलेल्यांच्या पायांची सूज सकाळी उतरलेली दिसली.

जेजुरी

अंतर कमी, आभाळ मोकळं. जेजुरीकर पालखीवर भंडारा उधळतात, सगळी वाट पिवळी होते. डोळ्यांत गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्यानं धुवावा. दम्याच्या रुग्णांनी तोंडावर ओला रुमाल धरून मागं राहावं आणि पंप वरच्या खिशात ठेवावा, ट्रकमधल्या पिशवीत नको.

वाल्हे

वाल्ह्याचा तळ उघड्यावर आणि वारा जोराचा. तळावर पालखी पोचली की समाज आरती होते. पहिल्यांदा चालणाऱ्यानं ती चुकवू नये. हजारो टाळ वाजत असतात, चोपदार चोप उंच धरून ‘हो’ म्हणतात आणि क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिथं जाऊन गाऱ्हाणं ऐकतात आणि निवाडा होतो. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू आणि चुकलेल्या माणसांच्या सूचना होतात, आणि त्यानंतर आरती. टँकर आला नाही, कुणी धक्का दिला, कुणाची आई सापडत नाही, अशा गोष्टी आरतीच्या आधी निकाली काढायचा प्रयत्न होतो. देवापुढं उभं राहण्याआधी माणसांचं गाऱ्हाणं संपवायचं, हा क्रम फार विचारानं ठरवलेला आहे.

बायकांचं एक गाऱ्हाणं मात्र टाळ वाजवून सांगता येत नाही. उजाडल्यावर आडोसा मिळणार नाही म्हणून त्या पहाटे दोन-तीनला उठतात आणि दिवसभर पाणी कमी पितात. दुपारी चक्कर येते, लघवीला जळजळ होते, ताप येतो. पेटीकडे येतात तेव्हा ‘डोकं दुखतंय’ एवढंच सांगतात. म्हणून औषधाच्या तंबूत एक बाई बसलेली हवीच, आणि कनातीमागं बोलायची जागा हवी. २०१५ पासून निर्मल वारीच्या निमित्तानं तळांवर फिरती शौचालयं मोठ्या संख्येनं उभी राहू लागली, त्यानं खूप फरक पडला. आता अडतं ते उजेडावर आणि पाण्यावर. शौचालयाच्या रांगेपर्यंतच्या वाटेवर दिवा नसेल तर बाया रात्री तिकडं जात नाहीत. दिंडीनं दोन बॅटऱ्या आणि दोन बादल्या एवढ्याच कामासाठी बाजूला ठेवाव्यात.

नीरा, लोणंद

नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पूल ओलांडून सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो. रस्त्याच्या कडेला हार घेऊन उभी माणसं, घराघरांतून भाकरीचे हारे. एका वस्तीवर दुरड्यांत भाकरी आणि घमेल्यात पिठलं. वाढणारी बाई पोटभर जेवलात का, हे तीनतीनदा विचारत होती.

लोणंदला मुक्काम मोठा, म्हणून टँकरची नीट तपासणी इथं करावी. विहिरीवरून भरलेल्या १००० लिटर पाण्याला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम. पावडर सरळ टँकरमध्ये टाकायची नाही. बादलीत आधी लगदा करून पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टँकरमध्ये ओतायचं. अर्धा तास थांबून मगच प्यायला द्यायचं. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून ओळखायची चाचणी. तीत पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंगच आला नाही तर पुन्हा घालायचं. बिघडतं ते बहुतेक दोन कारणांनी: पावडरीची पिशवी उघडी राहून तिचा जोर गेलेला असतो, किंवा टँकरच्या तळाशी गाळ असतो आणि सगळं क्लोरीन तोच खाऊन टाकतो. टँकर तीन-चार दिवसांनी पूर्ण रिकामा करून धुवावा. पाणी काढायला तोटीच वापरावी. झाकण उघडून तांब्या बुडवणारा एक माणूस दिवसभराची मेहनत वाया घालवतो.

ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलेलं वाटेवर नेहमी दिसतं, त्यानं मीठ जास्त होऊन उलटी होते. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एकदा केलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यावं.

तरडगाव

वाटेत चांदोबाचा लिंब, पहिलं उभं रिंगण. अश्व दोन्ही रांगांमधून दौडत जातात आणि माणसं टापांखालची माती कपाळाला लावायला झेपावतात. धक्काबुक्की होते ती या क्षणी. गुडघे अधू असलेल्यांनी आणि लहान मुलांनी पाच रांगा मागं राहावं.

फलटण, बरड

फलटणच्या विमानतळावर तळ पडला आणि पावसानं धरलं. राहुट्यांत पाणी, सरपण ओलं, गॅसच्या शेगड्यांपुढं ताडपत्री धरून स्वयंपाक. शंभर पानांचा अंदाज असा: तांदूळ १० किलो, पिठल्याला बेसन साडेपाच ते सहा किलो, भाकरीला पीठ ३० किलोच्या आसपास. पावसात माणूस जास्त खातो, दहा टक्के वाढवून धरावं. सकाळची आमटी मोठ्या पातेल्यात झाकून ठेवली तर आतली ऊब टिकते आणि दुपारी तीनपर्यंत ती आंबते. केलेलं अन्न चार तासांत संपवावं. उरलेला भात रात्री परतून वाढायचा मोह टाळावा.

पायांच्या बोटांत चिखल्या इथूनच सुरू होतात. रात्री पाय धुवून, बेचक्या कोरड्या फडक्यानं पुसून पावडर टाकायची आणि सकाळपर्यंत पाय उघडे ठेवायचे. भाजलेली हळद तेलातून लावतात, त्यानं आराम पडतो, पण कातडी फाटून पाणी येत असेल तर नुसत्या हळदीवर राहू नये.

बरडला संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ ताप अंगात घेऊन राहुटीच्या दोरीला धरून उभे राहिले. त्यांची दिंडी चुकली होती, गळ्यात कार्ड नाही, फोन नाही. भिशी न भरलेल्या माणसाला राहुटीत घ्यायचं का, यावर कुरकुर झाली. व्यवस्थापकांची अडचण खोटी नव्हती: जागा मोजून असते, उद्या या माणसाचं काही झालं तर उत्तर कोण देणार? पण सकाळपासून रस्त्यावर भेटेल त्याला माउली म्हणून वाकायचं आणि रात्री वहीत नाव नाही म्हणून दोरीबाहेर ठेवायचं, हे जमत नाही. नातं दिंडीपुरतं मानलं तर ते सहकारी संस्थेचं सभासदत्व झालं. दोन टाळकऱ्यांनी आपल्या अंथरुणांमधली जागा दिली, आरोग्य पथकाचे डॉक्टर येऊन बघून गेले, आणि दुसऱ्या दिवशी समाज आरतीत पुकारा झाल्यावर त्यांच्या दिंडीतले लोक धावत आले. प्रत्येक दिंडीनं दोन-चार माणसांची जागा आणि दहा पानं अशा चुकलेल्यांसाठी आधीच धरून ठेवावीत. ऐनवेळी दया दाखवण्यापेक्षा हे सोपं जातं.

त्याच रात्री कीर्तन होतं. आत्म्याची काळजी वारीत कशी घेतात, तर अशी: कीर्तनकार सगळ्यांना एकदम सांगतो. बोट दाखवून ‘तू सुधार’ असं कुणाला म्हणत नाही. माळ घालायलाही कुणी मागं लागत नाही, ती मागून घ्यावी लागते. ती घातली की मांस-दारू सुटते आणि वारी लागते, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. भाकरी मात्र न मागता ताटात पडते. भाकरी समोरून द्यायची आणि माळेसाठी समोरच्याच्या मागणीची वाट बघायची, ही मर्यादा सांभाळली जाते म्हणून इतकी वेगवेगळी माणसं एका रांगेत इतके दिवस चालू शकतात. सेवा करायला येणाऱ्या काही उत्साही मंडळींना हे उमगत नाही. पाय चेपता चेपता व्यसनमुक्तीवर भाषण देतात. तंबाखू सुटावी ही इच्छा खरीच आहे, पण थकलेल्या माणसाचा पाय हातात धरून त्याला ऐकायला भाग पाडणं बरं नव्हे.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर

धर्मपुरीला सोहळा सोलापूर जिल्ह्यात येतो. ऊन कडक, झाडं विरळ. पुरंदावड्याला पहिलं गोल रिंगण, पुढं खुडूस फाट्याला दुसरं. थकवा साचलेला असतो आणि बऱ्याच जणांच्या गोळ्यांची पाकिटं इथपर्यंत संपतात. रक्तदाबाची गोळी दोन दिवस चुकली की डोकं जड होतं आणि माणूस त्याचा दोष उन्हाला देतो. नातेपुत्याला वही काढून प्रत्येकाच्या गोळ्या मोजाव्यात आणि कमी पडतील त्या इथंच घ्याव्यात.

रात्री तळ शेतात असतो. बॅटरीशिवाय पाय टाकू नये, अंथरूण झटकून घ्यावं. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करायचं नाही. अवयव न हलवता सरळ रुग्णालय गाठायचं.

वेळापूरला धावा. उंचवट्यावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी आठवण धरून सगळे उतारावर पळतात. फोड आलेले, गुडघे बांधलेले, सगळेच. अडवून कुणी थांबत नाही, म्हणून अडवू नये. उताराच्या शेवटी पाणी आणि क्रेप बँडेज घेऊन उभं राहावं.

भंडीशेगाव, वाखरी

ठाकूरबुवांच्या समाधीपाशी रिंगण, ‘टप्पा’ नावाच्या जागेपाशी माउली आणि सोपानकाकांच्या पालख्यांची बंधुभेट, मग भंडीशेगाव. दुसऱ्या दिवशी बाजीरावाच्या विहिरीपाशी उभं आणि गोल रिंगण, आणि वाखरीत सगळ्या संतांच्या पालख्या एका जागी. पंढरपूरहून नामदेवांची पालखी सामोरी येते.

२०२० साली, दशमीला, ३० जूनला पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पायवारी झाली नाही, २०२१ लाही नाही. पिढ्यान्‌पिढ्या नेम न मोडलेली घरं त्या दोन वर्षांत दारातून हात जोडून बसली. शेजारच्या माउलीच्या छातीत आपल्यामुळं आजार जाऊ नये म्हणून नेम बाजूला ठेवणं हीसुद्धा वारीच होती, असं आम्ही ठामपणे मानतो. वाखरीत आजही त्या वर्षांचा विषय निघाला की लोक हळवे होतात.

पंढरपूर, आषाढी

चंद्रभागेत उतरताना दोरीच्या आत राहावं. वाळू उपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडलं की पातळी चटकन वाढते. पदस्पर्श दर्शनाची बारी चोवीस तासांच्या वर जाऊ शकते. मधुमेही, गरोदर बाया आणि वयस्क यांनी मुखदर्शन किंवा कळसदर्शन घ्यावं. बारीत जाणाऱ्यानं पाणी, गोळ्या, शेंगदाणे-गूळ आणि गळ्यातलं कार्ड सोडू नये.

महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. परंपरा सांगते की नामदेवांनी जाऊन ढिगाऱ्यातून त्यांची हाडं ओळखून काढली, कारण त्यांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं, आणि ती इथं आणून ठेवली. आत्मा तर मुक्तच झाला होता, मग हाडांसाठी एवढं का करावं? नामदेवांनी केलं, कारण ते चोखोबांचे होते. पण ज्याच्या हाडांना इथं जागा मिळाली त्याच्या जातीच्या जिवंत माणसांना देवळाचं दार पुढं शतकानुशतकं बंद राहिलं. दिंड्यांतल्या पंगतीही एकेकाळी जातवार बसत. माउली म्हणायचं आणि पंगतीत बाजूला बसवायचं, हे याच वाटेवर झालेलं आहे आणि ते लपवू नये. साने गुरुजींनी १ ते १० मे १९४७ या काळात इथल्या तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं तेव्हा दार उघडायचा मार्ग मोकळा झाला. गाडगेबाबा पंढरीत येऊन गर्दीची घाण झाडूनं साफ करत. त्यांनी बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. पहिल्यांदा येणाऱ्यानं दर्शनाच्या धांदलीत या जागा चुकवू नयेत.

पौर्णिमा, गोपाळपूर

गोपाळकाला झाला की गर्दी एकदम पांगते, एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. जमल्यास एक दिवस थांबून निघावं. दिंडीचं काम मात्र काल्यापाशी संपत नाही. आमच्या दिंडीतल्या एक मावशी एकादशीच्या रात्री न्यूमोनियानं दवाखान्यात दाखल झाल्या. गावाकडून त्यांचा मुलगा येईपर्यंत दिंडीतली एक बाई त्यांच्याजवळ थांबली. तिचं जेवण आणि परतीचं भाडं भिशीच्या शिलकीतून द्यायचं, हे हिशेब बंद करताना सगळ्यांसमोर ठरलं. ज्या दिंड्यांत अशी तरतूद नाही, त्यांनी पुढच्या वर्षीची भिशी ठरवतानाच या खर्चासाठी वेगळी रक्कम धरावी, आणि मागं कोण राहील त्या दोन नावांची नोंद आळंदीतच वहीत करावी.